बाटलीनं न गेलेलं अक्षर

आज सकाळी सूनबाई मिक्सर पुसत होती. चिकट डाग निघेना म्हणून तिनं फडकं रॉकेलात बुडवलं. त्या मिक्सरवर मी कारखान्यात असताना छापलेली ओळ आहे : चालू असताना भांड्यात हात घालू नये.

मला कारखान्यातल्या तपासणीच्या मॅडम आठवल्या. छापलेलं पुसलं जातं का ते बघायला माझं अक्षर त्या आधी पाण्याच्या फडक्यानं घासायच्या, मग ठरलेल्या बाटलीतल्या द्रावणानं. मी एकदा अडून बसलोच. "बाई, रॉकेल घ्या की! घरोघरी तेच असतं."

"काका, तुमचं रॉकेल चोख, दुसऱ्याचं भेसळीचं. मग अक्षर कुणाचं पक्कं, कसं ठरवू? बाटली सगळ्यांना एकच."

तेव्हा मी पडतं घेतलं नाही, आजही घेत नाही. पण ती बाटली डोक्यातून जात नाही. कुठल्या घरात कोण काय घेऊन घासेल, कुणाला ठाऊक? त्या सगळ्या हातांच्या वतीनं ती आधीच घासून बघते. अक्षर टिकलं, तर कुणाची तरी बोटं टिकतात.

शाळा मी चौथीत सोडली, पण मी छापलेलं एकही अक्षर त्या बाटलीनं गेलं नाही.

सूनबाईनं हात थांबवला. "मामंजी, अक्षरं जातील का हो?"

"घास," मी म्हटलं. "चांगली जोरात घास."