ऐतिहासिक हिरवळीचा राखणदार

मुळशीत डोंगरमाथ्यावर इंग्रजांच्या काळातली एक सार्वजनिक बाग आहे. तिथला पहारेकरी भलताच कडक. गावातल्या बाया भाकरी खायला हिरवळीवर टेकल्या, की हा गाल फुगवून शिट्टी फुंकायचा आणि पाटीकडे बोट दाखवायचा: 'ऐतिहासिक हिरवळ. बसू नये.' त्याविरुद्ध पत्रकं वाटायला मी भल्या सकाळी गेलो, तर हिरवळीवर मेंढरांचा कळप! गवत कापायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून यानंच आत घेतलेला.

"बायांना मनाई आणि मेंढरांना मुभा?" मी विचारलं.

शिट्टी सदऱ्याला पुसत तो म्हणाला, "दादा, मेंढरं कामाला आल्यात. तुमची मानसं नुसती बसत्यात."

पत्रकातली मागणी मी तिथंच बदलली: गावकऱ्यांना मेंढरांचा दर्जा द्या.