आबांनी पळवलेलं चाच्यांचं कॉमिक

मंडळी, आज डोकं फिरायची पाळी आली.

पुण्याच्या मैत्रिणीनं समुद्री चाच्यांच्या त्या लांबलचक जपानी कॉमिकचा दुसरा भाग पाठवला; पहिला तिच्याकडं नव्हता. परतुरात असलं काही मिळत न्हाई, म्हणून दुपारी जेवण सोडून वाचायला बसले. पण काही केल्या संगती लागेना. बुडालेलं जहाज पुढच्या पानावर धडधाकट! प्रश्न विचारायच्या आधीच समोरचा उत्तर देऊन मोकळा! छापखान्यानं घोळ घातला म्हणून माझी नुसती चिडचिड.

शेजारी माझे वडील, आबा, पेपर वाचत होते. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, जरा चाळलं आणि म्हणाले, "आगं, हे उजवीकडून डावीकडं वाचायचं, उर्दूवानी. मी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकल्तो. मला चित्रं बराबर समजून राह्यली."

"मंग द्या की इकडं!"

"थांब, लढाई चालू हाय."

संध्याकाळ झाली तरी पुस्तक त्यांच्याच हातात. वर मलाच विचारतात, "तिसरा भाग कुठंय?"

आता काय करू, सांगा. जालन्यात कुणाकडं तिसरा भाग आहे का? आबा तो घेऊन बसले, तर दुसरा तरी मला वाचायला मिळेल.