वही मागून उघडणारे सर

‘काळाच्या पुढे धावणाऱ्याला काळ क्षमा करत नाही.’ आमच्या शाळेतले गणिताचे सर हे वाक्य इतक्या गंभीरपणे उच्चारत, की नवे शिक्षक ते डायरीत उतरवून घेत. एका बाईंनी तर ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं होतं. मी मराठी शिकवतो आणि या वाक्याच्या जन्माचा साक्षीदार आहे. सिंहगड रोडवर एक दुचाकीवाला लाल दिव्यात सरांच्या स्कूटरला घासून पुढे सटकला आणि पुढच्याच चौकात पोलिसानं त्याला बाजूला घेतलं. तेव्हा मागे बसलेल्या मला सरांनी ते ऐकवलं होतं. गणिताला ते नंतर लागू पडलं.

सर वही मागून उघडायचे. वहीच्या शेवटच्या पानांवर तुम्हीआम्ही काय काय करायचो ते आठवून पाहा. फुल्या-गोळे, वर्गशिक्षकांचं चित्र, आणि या गर्दीत कुठेतरी गणिताचं कच्चं काम. सरांना ते हवं असे. “पुढची पानं आईबापांना दाखवायची, मागची मला,” असं ते मुलांना सांगत. शिक्षकखोलीत वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले की मधूनच हाक मारत, “अहो मराठी, इकडे या. हे बघा, इथे चुकलाय. इथे परत चुकलाय. आणि इथे स्वतःवरच चिडून सगळं काट मारून टाकलंय. हा गणित करतोय.” एखादं उत्कृष्ट गद्य वाचावं तसे ते काट मारलेल्या ओळी वाचत. मला त्यातलं काही कळत नसे, पण उत्कृष्ट गद्याच्या बाबतीतही माझे बरेच सहकारी मान डोलावतातच, तशी मी डोलावत असे.

मग शाळेत ‘प्रज्ञावेग’ तुकडी आली. नववीतच दहावीचं गणित संपवायचं आणि दहावीत अकरावीचं हाणायचं, अशी ही योजना. नाव ठरवायला संस्थेच्या तीन बैठका झाल्या. कोणत्या मुलांना घ्यायचं हे ठरवायला एकही झाली नाही, कारण ते काम सरांवर टाकलं होतं. फेब्रुवारीत आठवीच्या मुलांचे अर्ज यायचे. त्यात ‘गणित शिक्षकांची शिफारस’ असा एक रकाना होता. त्यात सरांची सही असली की मूल आत, नसली की बाहेर.

त्या महिन्यात शिक्षकखोलीच्या दाराशी पालकांची रांग लागे. एक गृहस्थ म्हणाले, “सर, आमच्या सोसायटीतली सगळी मुलं आठवीतच लॉगॅरिदम करतायत.”

“मग सोसायटीला अर्ज करायला सांगा.”

“तसं नाही, पण मुलगा मागे पडेल हो.”

“कुणाच्या मागे? आणि दाढीही आत्ताच सुरू करताय का त्याची?”

गृहस्थ मुख्याध्यापकांकडे गेले. तेही नेहमीचंच होतं. पण सर सरसकट विरोधात होते असं समजू नका. ते म्हणत, “भूक लागलेल्याला वाढलंच पाहिजे, त्याला थांबवणं पाप आहे. भूक नसलेल्याला कोंबणं हेही पाप. फक्त दुसऱ्या पापाची फी मिळते.” आणि भूक ओळखायची त्यांची एकच रीत होती. वही घ्यायची आणि मागून उघडायची.

पुण्यातला पालक सहज ऐकत नाही. ‘नाही’ ऐकलं की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, काकांना घेऊन. मग सर कपाळाला आठ्या घालून वही पुन्हा काढत आणि एखाद्या वेळी त्यांचं मत बदलेही. त्यांना याची सवय झाली होती. नकळत ती त्यांच्या पद्धतीचाच भाग झाली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एका वर्षी आठवीत एक मुलगी होती. धायरीत राहायची. वडील वाशीमकडून आलेले, कारखान्यात पाळीवर जाणारे. मुलगी कमी बोलायची. उत्तरं सगळी बरोबर, अक्षर मोत्यासारखं. सरांनी वही मागून उघडली. पानं कोरी. एक आकडा नाही, एक काट नाही. सरांनी वहीतच घेतलेल्या चाचणीत त्रिकोणाचं एक वाकडं गणित घातलं होतं, वर्गात फक्त तिला सुटलेलं. तेही पुढच्या पानावर चार ओळींत, चकचकीत. मागे काही नाही.

“गाइडमधली रीत आहे,” सर मला म्हणाले. “पाठांतर. हुशार आहे, पण पाठांतर.”

वडील पाळी संपवून आले होते, हातात टोपी. मी तिथेच पेपर तपासत होतो. सर त्यांच्याशी नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलले. मुलगी मेहनती आहे, मार्क पडतील, पण गणित समजणं वेगळं आणि पाठ होणं वेगळं. तिला घाईत ढकलू नका. मुलगी शेजारीच उभी होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमी म्हनता तर बराबरच असन, सर.” नमस्कार करून दोघं गेले. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन कुणी आलं नाही. वही पुन्हा उघडली गेली नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, सर नववीच्या वह्या तपासत होते. मला हाक आली नाही. बऱ्याच वेळानं मी वर पाहिलं, तर सर एक वही घेऊन खिडकीशी उभे होते आणि पान उन्हात तिरकं धरून पाहत होते. मी जवळ गेलो. वही घरी शिवलेली होती. पांढऱ्या दोऱ्याचे टाके, वर वर्तमानपत्राचं कव्हर. पानांवर या वर्षीची गणितं शाईत होती, आणि त्यांच्या खाली, उन्हात धरलं की, पेन्सिलीचे खोडलेले वळ दिसत होते. त्रिकोण, त्यावर दुसरा त्रिकोण, काट मारलेली समीकरणं.

“माझंच गणित आहे,” सर म्हणाले. “मागच्या वर्षीचं. तीन रीतींनी केलंय. तिसरी मला माहीत नव्हती.”

त्यांनी धायरीच्या त्या मुलीला बोलावलं. “हे काय आहे, बाळ?”

मुलगी घाबरली. “सर, ती जुन्या वहीची मागची पानं आहेत. वर्ष संपलं की उरलेल्या पानांची आई नवी वही शिवते. म्हणून मी मागे पेन्सिलनं करायचे आणि रोजचं रोज खोडून ठेवायचे. नीट खोडलं नाही का?”

“नीट खोडलंस,” सर म्हणाले.

पुण्यातल्या किती घरांत अजून अशा वह्या शिवल्या जातात, तुम्हाला ठाऊक असेल. सरांनाही ठाऊक होतं. त्यांची स्वतःची शाळा अशाच वह्यांवर झाली होती, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं.

सर त्याच तासाला मुख्याध्यापकांकडे गेले. यादी बंद झाली होती, तुकडी पुढे गेली होती, मध्येच प्रवेश दिला तर इतर पालक विचारतील. सगळी कारणं खरी होती. परत येऊन त्यांनी मुलीला सांगितलं, “तू रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे बस. त्यांच्या पुढे नेईन तुला.”

मुलीनं नकाराची मान हलवली. मग अगदी आदरानं म्हणाली, “नको सर. मला गणित येत नाही ना. तुम्ही बाबांना सांगितलं होतं, पाठ होतं म्हणून. मग मी पाठच करायला लागले. आता होतं पाठ.”

सरांनी वही पुन्हा उन्हात धरली आणि पानं उलटत गेले. मग तिच्या या वर्षीच्या दुसऱ्या वह्या मागवल्या. त्यांची शेवटची पानंही त्यांनी उजेडात धरून पाहिली. पण ती खरोखरच कोरी होती.

तरी सरांनी सांगितलं म्हणून ती काही दिवस त्यांच्याकडे बसली. सर सांगत, ती उतरवून घेई, दुसऱ्या दिवशी शब्दन् शब्द म्हणून दाखवी. सर म्हणत, “चूक गं, एकदा तरी चूक.” ती माफी मागे. डिसेंबरात ते थांबलं.

दहावीला तिला गणितात शाळेत दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले. ती पेढे घेऊन आली. सरांनी पेढा घेतला, डोक्यावर हात ठेवला. “पुढे काय?”

“कॉमर्स, सर.”

“उत्तम. त्यात गणित घेता येतं. घेतलंस ना?”

“नाही सर. त्याऐवजी एसपी घेतलं. सेक्रेटरियल प्रॅक्टिस. ते पाठ करायला सोपं आहे.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना सोसलं असतं. टोमण्यांत त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यानंतर सरांनी शिफारशीचा रकाना भरणं सोडलं. अर्ज कोरे परत जात, कार्यालय ते पुन्हा पाठवी, सर पुन्हा कोरे परत करत. कारण विचारलं तर म्हणत, “मला ओळखता येत नाही.” मुख्याध्यापकांना तो खवचटपणा वाटला. मी त्यांच्या शेजारी बसत होतो. ती केवळ माहिती होती.

निवृत्तीला आठ महिने असताना, एका रविवारी सकाळी, स्कूटर पुसता पुसता सर गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना ‘प्रज्ञावेग तुकडीचा आधारस्तंभ’ म्हटलं. मीही बोललो. त्या मुलीबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो, आणि सरांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलून खाली बसलो. तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं माझ्याकडे होतं.

सरांच्या जागी अजून नेमणूक झालेली नाही. तासिकेवर एक तरुण येतात, त्यांना सहीचा अधिकार नाही. त्यामुळे आठवीचा वर्गशिक्षक म्हणून गणिताच्या शिफारशीवर आता मी सही करतो. दहावीला मला गणितात अडतीस गुण होते.