हिंगण्याच्या साहेबांनी मला पाहिलं

मला आजवर तीनदा पाहून झालंय. दोनदा लग्नासाठी आणि एकदा नोकरीसाठी. नोकरीवाल्यांनी चहा स्वतःच्या पदरचा पाजला, एवढाच काय तो फरक.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. नवीन लग्न झालेलं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत पडलेलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायला बाई हवी, असं ह्यांनी कुठूनसं ऐकून आणलं. त्या मोठमोठ्या फाटकांच्या आत दिवसभर चालतं तरी काय, हे बघायची मला भारी हौस. अर्ज टाकला, मुलाखतीचं बोलावणं आलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले की एकदा जाऊन ये, नाही जमलं तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही.

आता मुलाखत असते कशी? घरात कुणीच दिलेली नव्हती. (हे इतवारीतल्या धान्याच्या दुकानात मामाजींच्या ओळखीनं लागलेले.) शेवटी माझ्या सासूबाईंनी, त्या कुही गावच्या, निकाल दिला.

"चार माणसं बसतेत, पोरीले विचारतेत, मंग मांगून कळवतेत. हे त पाहणंच झालं वं!"

झालं, तयारी तशीच सुरू. मामाजी, हे आणि शेजारच्या काकू साहेब होऊन खाटेवर बसले. पदर सावरून यायचं, वाकून नमस्कार, मान खाली, विचारलं तेवढंच बोलायचं, वडीलधाऱ्यापासून चहा द्यायचा आणि मागे न बघता आत जायचं. आठवडाभर हीच तालीम! काकूंचा तर दुसरा कपही व्हायचा. (साहेबांनी मागितला तर, म्हणून.)

प्रत्यक्षात साहेब निघाले चार. मी वाकून नमस्काराला गेले, तर त्यातला तरणा साहेब खुर्चीसकट मागे सरकला. नाव-गाव, शिक्षण विचारून होतंय तोच चपराशी चहाचा ट्रे घेऊन आला. मग माझे हात माझ्या ताब्यात राहिलेच नाहीत. ट्रे त्याच्या हातून घेतला, ज्याचं टक्कल मोठं तो वडील, अशा हिशेबानं सगळ्यांना चहा दिला आणि समोर दिसलं त्या दारातून आत गेले.

आत कपाटं, फायली आणि धूळ. मी भिंतीला टेकून उभी राहिले, बोलावतील म्हणून. (दाराला कानही लावला. तीही रीतच आहे.) बाहेर 'बाई गेल्या कुठे' अशी कुजबुज चाललेली. शेवटी चपराशी डोकावला.

"बाई, तुमी इथं काहून उभ्या? साहेब वाट पाहून राहिले नं."

बाहेर आले. टक्कलवाले साहेब हसू दाबत म्हणाले, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

घ्या! दोन वेळा पाहून गेले, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. माझी मान आपोआप वर झाली. दोन फोन एकदम वाजले तर आधी कोणता उचलायचा, बायकांनी डबा कुठे बसून खायचा, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हटलं, "आधीची बाई काहून सोडून गेली?"

"लग्न झालं तिचं," साहेब वैतागून म्हणाले. "शिकवून तयार करावं, की चालल्या."

"माझं तर होऊन बसलंय साहेब. मी आता कुठं जाते?"

चौघेही हसले आणि पुढच्या सोमवारी मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते.

फोनवर कुठे जरा हात बसतो, तोच मी त्याच साहेबांपुढे मान खाली घालून उभी. पोट पदराआड लपत नव्हतं आणि रजा मागायला मला तोंड नव्हतं.