पहाडीवरचा एकोणतीसचा पाढा

एकोणतीसचा पाढा मी शाळेत नाही शिकले. पहाडीवर शिकले, तोही अस्वलासाठी. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, आणि लोक हसले की माझं डोकं सरकतं. म्हणून एकदाचं सगळं नीट सांगून टाकते.

आठवीची परीक्षा संपली आणि मी नागपूरहून एकटी एसटीनं साकोलीला उतरले. आईनं कंडक्टरला तीनदा बजावलं होतं, ते सोडा. एकटी म्हणजे एकटी. मामा मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याचं गाव एकोडीच्या पुढे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीच्या मागे पहाडी. पहाडीला नावबीव काही नाही. तिच्या पलीकडे आबाजींच्या थोरल्या बहिणीचं गाव.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली तरी अख्खं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. त्यांची बहीण माझ्या आईची आत्या, म्हणून माझी आत्याआजी. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या गावाला सडक नव्हती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आबाजी पहाडी चढून तिच्याकडे पायी जात, आणि ती वर खिंडीपर्यंत त्यांना घ्यायला येई. पुढे तिचे गुडघे गेले, तिचं येणं बंद झालं. सडक झाली, एसटी आली, तरी आबाजींचं पायी जाणं सुरूच राहिलं. एकच उन्हाळा चुकला, आदल्या वर्षीचा. तेव्हा ते नागपूरला होते, छातीत स्प्रिंग बसवायला.

मी आले त्याच दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी आक्काकडं जातो. पायी."

"गाडीवर सोडून देतो न मी," मामा म्हणाला.

"गाडीवर तर पोतंबी जाते."

झालं. दोन दिवस घरात बापलेक बोलेनात. बोलायचं असलं की माझ्या मार्फत. मामा म्हणायचा, "सांग तुझ्या आबाजीले, डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते." आबाजी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "सांग तुझ्या मामाले, डॉक्टरनं रोज चालाले सांगितलं." मी काय पोस्टमन आहे? तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा मी ताट सरकवलं आणि म्हटलं, मी जाते त्यांच्यासोबत, आता तरी जेवू द्या.

मामा हसला. "तू? तुले तर दुसऱ्या माळ्यावर जायले लिफ्ट लागते."

तो हसला नसता तर कदाचित मी गेलेही नसते. पण हसला. मग मी अडूनच बसले, आणि मामीनं माझी बाजू घेतली, आणि शेवटी मामानं अट घातली. त्याचा मोबाइल माझ्याजवळ राहील. सोमवारी दहा वाजता तो मामीच्या फोनवरून कॉल करेल. "फोनवर आत्यानं स्वतः मले सांगितलं पाहिजे, भाऊ आला म्हणून. नाही सांगितलं तर मी माणसं घेऊन पहाडीवर येतो, अन् याच्यापुढं पायी जायचं नाव या घरात निघणार नाही. कबूल?"

"कबूल," आबाजी म्हणाले. पण घास हातातच राहिला होता.

दुपारी बाजेवर पडल्या पडल्या मी त्यांना विचारलं, गाडीवर गेलं तर बिघडतं काय. "गाडीवर गेलो की ते मले नेणं झालं," ते म्हणाले. "पायी गेलो की माझं जाणं झालं. एकदा का लोक न्यायले लागले, की मग कोठं न्यायचं तेबी तेच ठरवतात." मग कूस बदलून म्हणाले, "झोप आता. सोमवारी रडाले नको लागशील."

सोमवारी साडेपाचला निघालो. डोक्याला दुपट्टे, खिशात ऊन लागू नये म्हणून एकेक कांदा, पिशवीत चार गावठी आंबे आणि पाण्याच्या दोन बाटल्या. आत्याआजीकडे सरगुंडे, म्हणजे हातानं वळलेल्या शेवया, आणि आंब्याचा रस ठरलेला होता, तिच्या सुनेनं तसा फोन केला होता. मला चालायला इतका हुरूप आला होता की बोडीच्या पाळीवर मी आबाजींच्या वीस पावलं पुढं होते. त्यांनी हाक मारली नाही. त्यांना माहीत होतं, चढ लागला की येईल मागं.

पायथ्याशी चार-पाच बाया तेंदूपत्ता तोडत होत्या.

"जयभीम गुरुजी. कोठं चालले?"

"जयभीम. बहिणीकडं."

"पायी?"

"मग? उडता कोठं येते मले."

"सांभाळून जा जी. वरत टेंभरं पिकले. अस्वल फिरून राहिलं."

मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. नागपूरच्या माझ्या मैत्रिणींपैकी एकीच्याही आजोबांकडे अस्वल नव्हतं. आबाजी म्हणाले, अस्वल काही आपल्या वाटेवर टपून बसलेलं नसते. ते आपल्या खाण्यात दंग असते, अन् माणूस एकदम समोर आला की घाबरून पंजा मारते. म्हणून त्याला लांबूनच कळवायचं, आम्ही येऊन राहिलो, तू सरक. म्हणजे मोठ्यानं बोलत जायचं.

"इतका वेळ काय बोलायचं?" मी विचारलं.

"माणसाजवळ एवढं बोलाले नसतेच. म्हणून पाढे."

ही युक्ती आत्याआजीची. लहानपणी ती या पहाडीवर बकऱ्या राखायची. ती बकऱ्या राखायची म्हणून आबाजींना शाळेत जाता आलं. दोघांपैकी एकानं बकऱ्यांमागं राहणं भागच होतं. शाळा सुटली की ते तिच्यामागं वर यायचे आणि ती दरडावायची, आज काय शिकला ते मोठ्यानं म्हण, अस्वलबी पळन अन् मलेबी येईन. त्यांनी एके म्हणायचं, तिनं दुणे. शाळेचं तोंड न पाहता ती तिसापर्यंत पाढे शिकली.

मला पंधरापर्यंत येत होते, तेही इंग्रजीत, टूजा आणि थ्रीजा करत. आबाजींनी कानाला हात लावला आणि एकदम एकोणतीस काढला. मी म्हटलं, सोप्यापासून सुरू करा न.

"सोपे पाढे अस्वलालेबी पाठ झाले. त्याले वाटते, रोजचेच लोक हायेत."

मग काय विचारता. ते ओरडत, "एकोणतीस एके एकोणतीस," मी ओरडे, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," पहाडी थोडा थोडा आवाज परत देई, आणि आम्ही चढत होतो. त्रिक सत्त्याऐंशी. चोक सोळोदरसे. सोळोदरसे म्हणजे एकशे सोळा, पण एकशे सोळा म्हणण्यात ती मजा नाही. वाटेत टेंभराचं झाड लागलं, खाली पिवळी फळं पडलेली, मी ओंजळभर खाल्ली. त्याच्या पुढे वारूळ उकरलेलं दिसलं, माती अजून ओली. आबाजींनी काठी टेकवून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "आजचंच दिसते." त्यावर मी सोळोदरसे इतक्या जोरात म्हटलं की वरच्या झाडावरची माकडं खडखड करत पळाली. आबाजी पोट धरून हसले. मी घाबरले होते, घामानं निथळत होते आणि आयुष्यात कधी नव्हते इतकी खूश होते.

अर्धा चढ झाला आणि आबाजी झाडांची ओळख करून द्यायला लागले. हा येन. हा धावडा. हा बीजा, याच्या सालीतून रगतासारखा चीक निघते. प्रत्येक झाडाशी थांबून त्याच्यावर हात ठेवून सांगत. मला वाटलं, मास्तर आहेत, शिकवताहेत. पाचव्या झाडालाही त्यांनी "हा येन" म्हटलं, आणि तो येन नव्हता हे मलाही कळत होतं. तेव्हा लक्षात आलं की ते दम घेताहेत. पुढच्या झाडाशी मीच थांबले आणि विचारलं, हा कोणता.

खिंडीत पोचलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथं दगडांची एक मोठी रास आहे. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यावर एक दगड टाकायचा. "कोणी याले देव म्हणते," आबाजी म्हणाले, "मी हजेरी म्हणतो." मी माझा दगड टाकला. ते राशीजवळ बसले होते ते उठेनात, म्हणून म्हटलं, तुमचाही मीच टाकते.

"नाही. दुसऱ्याची हजेरी लावाची नसते. किती पोरांले छड्या मारल्या मी याच्यापायी."

पाणी प्यायले. मग डोळे मिटून बसले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. मी विचारलं, छातीत दुखतंय का. ते म्हणाले, "छातीत नाही. मांड्या भरून आल्या. खोटं नाही बोलून राहिलो." पलीकडे खाली आत्याआजीचं गाव दिसत होतं, लाल कवेलूंच्या छपरांचं, आणि तिथवर उतरायला पाऊण तास तरी लागणार होता. दहाच्या आत होत नव्हतं. हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं. फोनला खिंडीत रेंजची एक काडी येत होती, तीही मेली आत्ताच यायची होती.

"लाव मामाले फोन," आबाजी म्हणाले. "दहाची वाट कायले पाहतं?"

इतक्या सरळ आवाजात म्हणाले की मला रडूच फुटलं. मामाचा राग आला, दहाचा राग आला, मी मधे पडले नसते तर ही अट आली नसती आणि ते सावकाश आले असते म्हणून माझाच राग आला. फोन हातात घेतला आणि लावला नाही. त्या राशीच्या बाजूला उभी राहिले आणि कुणाला तरी शिवी द्यावी तशी खालच्या रानाकडे तोंड करून ओरडले, "एकोणतीस एके एकोणतीस."

पहाडीनं थोडंसं परत दिलं. मग खालून, झाडांतून, बारीक आवाज आला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

मला आधी वाटलं पहाडीच बोलली. पण पहाडीला गुणाकार येत नाही. मागं वळून पाहिलं तर आबाजी काठीवर भार देऊन उभे होते.

"त्रिक सत्त्याऐंशी," त्यांनी खाली हाक दिली.

"चोक सोळोदरसे," खालून उत्तर आलं, आता जरा जवळून.

आत्याआजी वर आली ती चपला एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि काखेतल्या पिशवीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं पन्हं. माझ्या खांद्याला लागेल एवढीशी बाई. धापा टाकत होती तरी आधी भावाला झापलं. "काहून रे, दहा वाजून राहिले अन् मास्तर अजून अर्ध्या रस्त्यात?"

"तू कायले आली? तुझे गुडघे?"

"गुडघे घरी कोठं ठेवून येऊ? सुनेले सांगितलं, बोडीवर जाऊन येतो म्हणून. तिथून सटकली."

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. मामा. दहाला दोन मिनिटं होती. तोही काही शांत बसला नसणार. मी फोन उचलला आणि थेट आत्याआजीच्या कानाला लावला.

"हाव," ती म्हणाली, "आला माझा भाऊ. माझ्या समोर हाय. पन्हं पाजून राहिली त्याले. तू फोन ठेव बापू, आमचा पाढा बाकी हाय."

मामानं कुठं आहात हे विचारलंच नाही. संध्याकाळी मी त्याला खरं काय ते सांगितलं. पण तो शब्दाचा पक्का आहे. गाडीवर सोडतो हे वाक्य त्यानं आबाजींसमोर पुन्हा काढलं नाही.

पन्हं पिऊन झालं. आबाजींनी वाकून एक दगड उचलला, राशीवर टाकला, आणि दुसरा शोधायला लागले. "मागच्या सालचा राहिला," ते म्हणाले.

"तो मी टाकला," आत्याआजी म्हणाली.

ते तसेच वाकलेले राहिले. "तू आली होती मागच्या साली?"

"आली होती न."

"तुले तर सांगितलं होतं, मी दवाखान्यात हाय म्हणून."

"सांगितलं होतं. म्हटलं, याचा काय भरवसा. निघालाच असन तर? आली, बसली बारा वाजेपर्यंत." तिनं पदरानं बाटलीचं तोंड पुसलं आणि झाकण लावलं. "एके म्हटलं. दुणे म्हणाले कोनी नव्हतं. मग तुझाबी दगड टाकला अन् उतरली."

आबाजी सरळ झाले. "आक्का," ते म्हणाले, "दुसऱ्याची हजेरी लावाची नसते."

"मग मार छडी."

त्यांनी चष्मा काढला आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले, चांगले दोनदा. मग मी पुढं केलेला हात न धरता त्यांनी बहिणीचा धरला. दोघं एकमेकांच्या आधारानं इतके हळू उतरत होते की मला मागून चालताही येईना, म्हणून मी पुढे झाले. थोड्या वेळानं आबाजींनी सुरू केलं, एकोणतीस एके एकोणतीस. दुणे तिनं म्हटलं. मग दोघंही गप्प झाले. मी वळून पाहिलं तर ते वाटेत थांबून माझ्याकडे बघत होते.

"त्रिक सत्त्याऐंशी," मी म्हटलं, आणि ते पुन्हा चालायला लागले.