मानाच्या घरचं कापड

आमच्यात माणूस गेला की शिलाई मशीन बांधून ठेवतात. आम्ही शिंपी. दरबाराच्या तंबू-कनाती शिवायला आमचे कोणी पूर्वज दक्षिणेतून धारला आले म्हणे. दरबार गेला, सुई राहिली. घरात मयत झाली की सुईतला दोरा काढायचा, मशीनवर फडकं टाकून गाठ मारायची आणि दुखवटा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. दुखवटा म्हणजे पुरुषाला टोपी नि उपरणं, बाईला लुगडं, आणि तोंडात गोडाचा घास. तेराव्याला दुसऱ्या घरचा माणूस येऊन ते कापड घरच्यांच्या अंगावर घालतो, 'आता कामाला लागा' म्हणतो, मग गाठ सुटते. त्यातही पहिलं कापड मानाच्या घरचं. ते घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. मान कशाचा म्हणाल, तर कोणे एके काळी त्यांच्या आजोबा-पणजोबाने समाजाचं काहीतरी भलं केलं होतं. काय केलं ते आता त्यांनाही ठाऊक नाही.

मी लग्न होऊन देवासला आले. तिथे ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तोंडाने फटकळ आहे हे देवीच्या टेकडीखालच्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, तरी येतात, कारण माझी बाही कधी ओढत नाही. माहेरी धारला फक्त बाबा आणि धाकटा भाऊ. आई आधीच गेली होती. भावाचं लग्न जमता जमता राहिलं, मग त्याचंही मन उडालं. दोघे बापलेक गाद्या-रजयांच्या खोळी शिवायचे आणि समोरच्या दुकानात नेऊन द्यायचे. समोर चाचा कापूस पिंजून रजया भरायचे. खोळ आमची, कापूस त्यांचा. थंडीत दोन्ही घरांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि भावाच्या केसांत कायम कापूस असायचा. मी चिडवायची, 'अरे, तू म्हातारा झालास का रे?' तर म्हणायचा, 'ताई, तू तरी माझं वय मोजू नकोस, पोरीवाले मोजतात तेवढं बस आहे.'

मग ती गडबड झाली. पहिला दगड कोणी मारला, मिरवणूक ठरल्या रस्त्याने का गेली नाही, यावर आजही लोक तावातावाने भांडतात. मला त्यात रस नाही. मला एवढंच माहीत आहे की लोंढा आमच्या गल्लीत शिरला तेव्हा चाचा आपल्या दुकानात होते, त्यांचा पाय अधू, पळता आलं नाही, म्हणून त्यांनी आतून शटर ओढून घेतलं. आत कापूस. एक काडी पडली असती तरी पुरे होती. भाऊ आमच्या ओट्यावरून उतरून त्या शटरसमोर जाऊन उभा राहिला. 'भिया, अपना ही मोहल्ला है, घर जाओ,' म्हणाला. हे बाबांनी मला सांगितलं. बाबा ओट्यावर होते. ज्याने लोखंडी गज घातला तो मानाच्या घरचा मुलगा. त्याच्या लग्नाची शेरवानी भावानेच शिवली होती, आणि तिचं फिटिंग तीनदा बदलून दिलं होतं, न कुरकुरता.

भावाला इंदूरला नेलं. तो शुद्धीवर आलाच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलीस आले तेव्हा बाबांनी स्पष्ट नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मी शेजारी उभी होते. चाचांनीही शटरच्या फटीतून बघितलं होतं, त्यांनीही तेच सांगितलं. मला तेव्हा वाटलं, चला, दोन डोळस माणसांनी बघितलंय, आणखी काय पाहिजे कायद्याला? किती भाबडं असतं माणूस.

चाचांचं दुकान शेवटी जळलंच, दुसऱ्या दिवशी. त्यानंतर कोणीतरी जेसीबी आणून उरलेल्या भिंती पाडल्या. धोकादायक होत्या म्हणे. कुणाच्या हुकुमाने पाडल्या ते अजून कुणी सांगत नाही. चाचा मनावर गावाला आपल्या मुलीकडे राहायला गेले. ठाण्यात शांती समितीची बैठक झाली, दोन्हीकडच्या शहाण्यासुरत्या माणसांनी चहा घेतला, एकमेकांना मिठ्या मारल्या, पेपरात फोटो आला. फोटोत सगळे होते. ज्यांच्या घरातला माणूस गेला ते, आणि ज्यांचं दुकान जळलं ते, तेवढे सोडून.

तेराव्याला मानाच्या घरचे आले. मुलाला तोवर पकडलं नव्हतं, तो 'बाहेरगावी' होता. त्याचे वडील आले, हातात ताट, ताटात टोपी, उपरणं आणि पेढे. खोलीत समाजाची माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती आणि एकजात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाच्या कपाळावर आठी नाही. मी म्हटलं, 'बाबा, घेऊ नका.' माझ्या आत्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. 'दुखवट्यात लेकीने बोलायचं नसतं.' बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि ताट बाहेर ठेवतील. पण आमच्यात दुखवट्याचं कापड परत करत नाहीत. परत केलं तर गेलेल्याचं सुतक फिटत नाही, त्याचा जीव उंबऱ्यात घुटमळतो, असं मानतात. बाबांनी मान खाली घातली. त्या माणसाने उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं, पेढा तोंडात दिला. बाबांनी तो गिळला. मग उठून त्यांनीच मशीनची गाठ सोडली.

पुढे अटक झाली, जामीन झाला, केस उभी राहिली. आणि मग सुरू झाल्या पेश्या, तारखांवर तारखा. आज साहेब रजेवर, उद्या वकिलांचा संप, परवा फाईल वर गेलेली. मी देवासहून पहाटेची बस धरायची, इंदूरला उतरून धारची बस. दुकान बंद, गिऱ्हाईक नाराज, नवरा बिचारा चकार शब्द बोलला नाही. चाचा मनावरहून यायचे, अधू पाय ओढत, हातात डबा. सुरुवातीला ते आणि बाबा एकाच बाकावर बसून जेवायचे. चाचांच्या मुलीच्या हातच्या मक्याच्या भाकरी बाबांना आवडायच्या. मग कधीतरी बाबा वेगळ्या बाकावर बसायला लागले. 'उन्हाची तिरीप येते तिथे,' म्हणायचे.

मला कळत होतं. समाजातले लोक घरी येऊन बसायला लागले होते. कोणी धमकी दिली नाही हो, धमकी दिली असती तर मी सरळ ठाण्यात गेले असते. सगळे प्रेमाने बोलायचे. आपलेच दात, आपलेच ओठ. गेलेला का परत येणार आहे? त्या पोराला दोन लहान लेकरं आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्याने काढली तो नक्की आरोपीच्या चुलत्यांपैकी असणार. एकदा मी म्हटलं तसं, तर एक काका उठून गेले.

मी बाबांना धरून बसायची. 'तुम्ही बघितलंय. चाचांनी शटरच्या फटीतून बघितलंय, त्यांना वकील उडवून लावतील. तुम्ही उघड्यावरून बघितलंय. तुम्ही बोललात तर केस उभी राहील, नाहीतर संपली.' बाबा म्हणायचे, 'हो गं बाई, हो.' माझ्या बापाचं 'हो' मला लहानपणापासून माहीत आहे. ते अर्ध्या शिलाईचं असायचं.

साक्षीचा दिवस आला तो ऐन उन्हाळ्यात. मी आदल्या संध्याकाळी धारला पोचले होते. सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला, आणि मग पेटी उघडून ते उपरणं काढलं. तेच. मानाच्या घरचं. मी म्हटलं, 'हे कशाला? उकडून निघाल.' बाबा म्हणाले, 'कोर्टात पंखे असतात.'  मी दाराचं कुलूप शोधायला लागले. बोलले असते तर आम्ही दोघेही तिथेच रडत बसलो असतो, आणि पेशी चुकली असती.

आधी चाचांची साक्ष झाली. चाचा नीट बोलले, नाव घेतलं, बोट दाखवलं. आरोपीचा वकील म्हणाला, बंद शटरच्या आतून तुम्हाला चेहरा कसा दिसला? चाचा म्हणाले, 'फट होती साहब. और मैं उसको बचपन से पहचानता हूँ, उसकी सगाई का गद्दा मैंने भरा था.' वकील हसला. कोर्टातले बाकीचेही हसले.

मग बाबा पिंजऱ्यात गेले. सरकारी वकिलाने विचारलं, तुमच्या मुलाला कोणी मारलं? बाबांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं होतं. म्हणाले, 'गर्दी थी साहब. चेहरा नहीं दिखा.' वकिलाने पहिलं बयान वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, 'बेटा मर रहा था. तब क्या बोला, होश नहीं था.' पक्षद्रोही, असं सरकारी वकील म्हणाला, आणि टायपिस्टने ते टाईप केलं. माझ्या बापाला त्या शब्दाचा अर्थ कळला नसावा. मला कळला: फितूर. मी मागच्या बाकावर बसून माझी ओढणी चावत होते.

बाहेर नळाशी चाचा तोंड धूत होते. मी जवळ गेले, हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. 'तेरा भाई मेरे दरवाजे पे मरा, इसलिए आता था मैं,' म्हणाले. 'अब इन्होंने मुझे झूठा कर दिया. जिसका बेटा था उसी ने नहीं देखा, तो मैंने क्या देखा होगा?' डबा त्यांनी उघडलाच नव्हता. तो तसाच हातात घेऊन ते स्टँडकडे निघाले. मी थोडं अंतर मागे गेले, मग थांबले. काय सांगणार होते मी त्यांना?

घरी आल्यावर मी बाबांना जे बोलले ते लिहिणार नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेतलेला नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, 'मी त्यांचं कापड अंगावर घेतलंय. ज्याचं कापड घेतलं त्याच्या पोराकडे बोट दाखवत नाहीत. आपल्यात नाही ते.' मी म्हटलं, 'आणि तुमचं पोर?' बाबांनी उपरणं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, 'तू देवासला जाशील, बाई. मला इथेच मरायचं आहे. मी मेल्यावर खांदा कोण देणार? तिरडीला चार माणसं लागतात.' तिरडीचं त्यांचं खरंच होतं.  राग मात्र आहे, तेवढाच्या तेवढा.

मुलगा सुटला. संशयाचा फायदा. निकालात लिहिलं होतं की मयताचा बापच ओळखत नाही, तेव्हा शटरआडच्या साक्षीदारावर भरवसा ठेवता येत नाही. सुटल्यावर गल्लीत फटाके वाजले. आता तो शांती समितीवर आहे. सणावारी ठाण्यात जाऊन चहा पितो, पेपरात फोटो येतो.

बाबा गेल्या वर्षी गेले. खांदा द्यायला चारच काय, अख्खा समाज आला. बाबांचं एवढं तरी त्यांच्या मनासारखं झालं. मी मशीनची सुई रिकामी केली, फडकं टाकलं, गाठ मारली. मनावरला निरोप पाठवला होता. तेराव्याच्या सकाळी मी वेड्यासारखी रस्त्याकडे बघत होते. चाचा आले नाहीत. का यावं त्यांनी?

मानाच्या घरचं ताट मात्र वेळेवर आलं. म्हातारे आता खाटेवर आहेत, म्हणून ताट घेऊन तोच आला. मुलगा. टोपी, उपरणं, माझ्यासाठी लुगडं. पेढेही. घरात आमचं पुरुष माणूस कोणी उरलं नव्हतं, म्हणून चुलतभाऊ दुखवटा घ्यायला पाट मांडून तयार बसला होता. मी उंबऱ्यात उभी राहिले. आत्या म्हणाली, 'अगं, बाजूला हो.' मी झाले नाही.

तो म्हणाला, 'ताई, रीत आहे.'

मी म्हटलं, 'रीत आहे म्हणूनच. हे माझ्या भावाचं घर आहे. तुझं कापड इथे येणार नाही.'

माझा आवाज फार चढला नव्हता असं नवरा म्हणतो. ताट धरलेले त्याचे हात तसेच राहिले.  मग तो ते ओट्यावर ठेवून गेला. उपरणं तिथेच पडून राहिलं, दुपारपर्यंत कोणीतरी उचलून नेलं. चुलतभाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. आत्या म्हणते, दुखवटा परत केलेलं घर, आता तिथे दिवाळीचा दिवा कसा लागायचा?

नाहीच लागत. धारला जाते तेव्हा घर झाडून घेते, मशीनवरची धूळ पुसते, फडकं झटकून पुन्हा तशीच गाठ मारते. शेजारणी विचारतात, वडिलांना वर्ष झालं, अजून कसली मशीन बांधून ठेवलीय? मी सांगते, वडिलांची नाही. आमच्याकडे त्यांच्याआधीची एक मयत आहे, तिचा दुखवटा अजून व्हायचा आहे.