डोळ्यांना फडकं बांधलेला फौजी

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात लढाईवरून परतलेला एक फौजी राहायला आला. एकटाच, सोबत दोन कुत्रे. तलावाच्या मातीच्या पाळीखाली त्यानं झोपडी बांधली. रोज सकाळी तो स्वतःच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि कुत्र्याच्या पट्ट्याला लावलेली बांबूची मूठ धरून पाळीवरून चालायचा. कुत्रा थांबला की तोही थांबायचा. बाया दुसऱ्या बाजूनं पाणी भरू लागल्या. कोणी म्हणे, जादूटोणा करतो. कोणी म्हणे, चोरांचा माणूस आहे, अंधारातल्या वाटा पाठ करून राहिला.

एक दिवस तो आमच्याच घरापुढच्या सपरीवर येऊन बसला. देवीच्या साथीत माझ्या नवऱ्याचे दोन्ही डोळे गेले होते. तेव्हापासून ते खाटेवर बसून असायचे. धानाच्या बांधीत मी आणि सासरे राबायचो.

"विलायतेकडं आंधळ्या शिपायायले कुत्रे वाट दाखवतेत," फौजी म्हणाला. "मी फौजेत कुत्रेच सांभाळत होतो. भाऊले शिकवतो."

"काऊन जी?" मी विचारलं. "आमचंच घर कायले दिसलं तुमाले?"

तो कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. याचा आमच्या बांधीवर डोळा आहे, असं मी तिथंच धरून चालले.

नवरा मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे जाऊ लागला. गवत कापायच्या निमित्तानं मीही मागं जायची. शिकवण्यापेक्षा फौजी विचारायचाच जास्त. पाणी जवळ आलं हे कशावरून समजते? समोर झाड आहे का माणूस, कसं ओळखता? पावलांवरून घरचं कोण ते कळते काय?

"तो तुमच्यापासून काहीतरी काढून घेऊन राहिला," मी घरी आल्यावर म्हटलं.

नवरा हसला. "माह्याजवळ आहे काय काढून घ्याले?"

एकदा दुपारी तो ह्यांना घरी पोचवायला आला. डोळ्यांवर फडकं नव्हतं. मी पाण्याचा लोटा पुढं केला. त्याचा हात लोट्याच्या बाजूनं गेला आणि हवेतच चाचपडला. मी लोटा बाजूला सरकवला. हात पुन्हा जुन्याच जागी गेला.

"तुमाले दिसत नाही!" मी ओरडलेच.

तो खाली बसला. "उजेड दिसते वहिनी. माणसं सावल्यांवानी. डॉक्टर म्हणाला, तेही जाईल."

"म्हणजे आमच्या माणसावर कुत्रे तयार करून राहिले होते?"

"कुत्रे तयार कराले मले येते. आंधळं राहणं येत नाही. ते भाऊपासून शिकून राहिलो."

"मग सांगाले काय झालं होतं?"

"तुमी दया केली असती."

दया कसली, मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. शेवटी नवरा एवढंच म्हणाला, "फौजीभाऊ, उद्या फडकं घट्ट बांधून ये. किलकिल्या डोळ्यानं शिकत नाही माणूस."

पुढच्या धानकापणीपर्यंत फौजीचा उजेडही गेला. त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी ते दोघं आपापला कुत्रा घेऊन अर्जुनीला गेले, आणि मला मागं येऊ दिलं नाही. संध्याकाळी नवऱ्यानं माझ्या हातावर हिरव्या म्हणून बांगड्या ठेवल्या. त्या काळ्या निघाल्या. मी तशीच बांगडीवाल्याशी भांडायला निघाले.